२१,०००च्या आत

डिसेंबर लागला की माझ्या दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘भाऊ, निवेदन टाइप करून द्यान का?’ दुसरा प्रश्न मी विचारतो. ‘कोणाच्या नावानं?’ तिथे माणूस अडतो. मागे उभ्या सोबत्याकडे बघतो. सोबती म्हणतो, ‘लिवा ना, माननीय मुख्यमंत्री साहेब. तेच तर मोठे हायेत.’

धंतोलीत, यशवंत स्टेडियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. दोन कम्प्युटर, एक म्हातारं मशीन आणि लॅमिनेशनचा वास. अकरा महिने भाडेकरार, दाखल्यांच्या प्रती, शाळेच्या पोरांचे प्रोजेक्ट. बाराव्या महिन्यात सरकार मुंबईहून उठून इथे येतं, आणि त्याच्या मागोमाग गडचिरोली, यवतमाळ, बीड, नंदुरबारहून माणसं येतात. नागपूर म्हटलं की देशाला रेशीमबाग आठवते नाहीतर दीक्षाभूमी. आम्हा सीताबर्डी-धंतोलीच्या दुकानदारांना आठवतात ते बॅरिकेड.

सरकार इथे येतं ते एका जुन्या करारामुळे. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. मराठी मुलूख एक करायचा तर विदर्भाचं काय, यावर २८ सप्टेंबर १९५३ला नागपूर करार झाला. विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यायचं, हे त्यातलं एक कलम. राजधानी गेली आणि बदल्यात वर्षातले काही दिवस मिळाले. ते दिवसही आता आक्रसलेत. कोरोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तर अधिवेशन इथे झालंच नाही. हल्ली कधी आठवडा, कधी त्याहून चार दिवस जास्त. वर्षभराचं गाऱ्हाणं आठवड्यात बसवायचं म्हणजे एकाच दिवशी डझनभर मोर्चे निघतात.

मोर्चाची रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. आधी पोलिसांची परवानगी: किती माणसं, कुठून निघणार, कुठे थांबणार. निघायची जागा पुष्कळदा यशवंत स्टेडियम. थांबायची जागा म्हणजे टेकडी रोड, नाहीतर मॉरिस कॉलेज टी-पॉइंट. तिथे लोखंडी कठडे, त्यामागे बंदोबस्त. विधानभवन आणखी पुढे, सिव्हिल लाइन्समध्ये; मोर्चेकऱ्याला ते दिसतही नाही. रस्त्यावरच बसायचं, घोषणा द्यायच्या, सोबत बांधून आणलेली भाकर खायची. मग पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून आत जातं, मंत्र्याला निवेदन देतं. मंत्री त्यावर शेरा मारतात, ‘तपासून कार्यवाही करावी’. शिष्टमंडळ बाहेर येऊन माइकवर सांगतं की साहेब सकारात्मक आहेत. टाळ्या पडतात. आणि माणसं अजनी किंवा मुख्य स्टेशनकडे चालू लागतात, कारण रात्रीची गाडी चुकली तर उद्याची मजुरी बुडते.

गेली कित्येक वर्षं ही निवेदनं टाइप करता करता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मोर्चाचं नाव काहीही असो, झेंडा कोणाचाही असो, मागणीपत्रात कुठेतरी एक आकडा असतो किंवा एका यादीतला एक शब्द असतो. तो बदला, एवढंच म्हणायला माणूस पाचशे किलोमीटर आलेला असतो. तो आकडा ठरतो कुठे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

नागपुरातल्याच पारडीच्या एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या आसपास, नवरा वारलेला, दोन घरची धुणीभांडी. निराधारांच्या मोर्चात आल्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आधारची झेरॉक्स आणि उत्पन्नाचा दाखला. दाखल्यावर ३६,००० रुपये वार्षिक उत्पन्न.

‘मी खरं सांगतलं बाप्पा,’ त्या म्हणाल्या. ‘तीन हजार भेटते महिन्याचे, तं तीन हजार सांगतले. माह्या बाजूवालीनं दीड सांगतले. तिले भेटून राहिले, मले नाही.’

संजय गांधी निराधार अनुदान योजना ही राज्याची योजना, १९८० पासूनची. विधवा, अपंग, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण अशा आधार नसलेल्यांसाठी. अपंग सोडले तर बाकीच्यांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, ही अट. विधवांचं अनुदान पूर्वी महिन्याला ६०० होतं, मग १,००० झालं, आता १,५०० आहे. अनुदान वाढत गेलं, पण उत्पन्नाची रेघ २१,०००वरच खिळून राहिली. म्हणजे सरकार वर्षाला १८,००० रुपये देणार, पण तुमच्या घरात आधीच २१,०००च्या वर येत असतील तर तुम्ही निराधार नाही. २१,०००ला ३६५ने भागा. दिवसाला ५७ रुपये आणि वर काही पैसे. एका माणसाचे नाहीत, अख्ख्या घराचे.

नागपुरात ५७ रुपयांत घर चालवणारं कुटुंब मी पाहिलेलं नाही. दाखले मात्र शेकड्यांनी पाहिलेत. कोणाचा २०,०००चा, कोणाचा १८,०००चा. लिहिणाऱ्याला माहीत, सही करणाऱ्याला माहीत, आणि घेणाऱ्यालाही माहीत की हा आकडा खरा नाही. मग वर्ष-दोन वर्षांनी पेपरात बातमी येते, ‘बोगस लाभार्थी’. रेघ इतकी खाली मारायची की खरं बोलणारा बाहेर पडावा, आणि खोटं बोलून आत आलेल्याला पुन्हा चोर म्हणायचं. मला याचा राग येतो. पारडीच्या बाईंच्या फाइलमधला दाखला हा गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर आलेला बहुधा सगळ्यांत प्रामाणिक कागद होता, आणि तोच नामंजूर झालेला.

आता गरिबीच्या या रेघा येतात कुठून, ते पाहू. ही गोष्ट लांबची आहे, पण रंजक आहे.

पहिली रेघ दादाभाई नौरोजींनी ओढली. परदेशी नेल्या जाणाऱ्या मजुरांना बोटीवर जो शिधा ठरवून दिलेला असे, तांदूळ, डाळ, भाजी, तूप, मीठ, त्याचा खर्च त्यांनी मांडला आणि तुरुंगातल्या कैद्यावर सरकार काय खर्च करतं त्याच्याशी ताडून पाहिला. १८६७-६८च्या भावांनी माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये, प्रांताप्रांतानुसार. रोख सरळ होता. कैद्याला जेवढं लागतं तेवढंही मोकळ्या रयतेला मिळत नाही. सरकारला कोंडीत पकडण्यासाठी काढलेला आकडा होता तो.

स्वातंत्र्यानंतर तीच रेघ सरकारच्या हातात गेली. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी हिशेब उष्मांकावर बांधला: माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब. १९७९ मध्ये खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक धरले गेले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकाचा खुंटा सोडला, शिक्षण-औषधपाण्याचा खर्चही धरला. तरी रेघ फार वर गेली नाही. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये खर्चणारा माणूस दारिद्र्यरेषेच्या वर. देशभर टिंगल झाली. २०१४ मध्ये रंगराजन समितीने शहरासाठी महिन्याला १,४०७ आणि खेड्यासाठी ९७२ रुपयांची नवी रेघ सुचवली. तिच्या हिशेबाने २०११-१२ मध्ये देशातले २९.५ टक्के लोक गरीब होते, तेंडुलकरांच्या हिशेबाने २१.९ टक्के. म्हणजे रेघ बोटभर वर सरकवली आणि नऊ-साडेनऊ कोटी माणसं एका रात्रीत गरीब झाली. त्यांच्या घरात काहीच बदललेलं नव्हतं.

सरकारने तो अहवाल स्वीकारला नाही. पुढे नियोजन आयोगच गेला, नीती आयोग आला. २०१७-१८च्या खर्चाच्या पाहणीचे आकडे सरकारने दर्जाचं कारण देऊन जाहीरच केले नाहीत. तेंडुलकरांनंतर खर्चावर आधारलेली नवी अधिकृत रेघ देशाला मिळालेलीच नाही.

आता पारडीच्या बाईंचा दाखला या रेघेशेजारी ठेवा. तेंडुलकरांची २०११-१२ची शहरी रेघ होती माणशी महिन्याला १,००० रुपये. पाच जणांच्या घराला वर्षाला ६०,०००. ज्या रेघेवर सगळा देश हसला, त्या रेघेच्या जवळपास एक तृतीयांशावर आमच्या निराधार योजनेची अट उभी आहे. आजच्या भावात.

गंमत म्हणजे त्याच राज्यात दुसऱ्या खिडकीवर दुसरा भाव चालतो. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वर्षाला ५९,०००, खेड्यात ४४,०००. ‘लाडकी बहीण’ योजनेत कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. केंद्राच्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी तर आठ लाखांपर्यंत. ‘लाडकी बहीण’ २०२४च्या जुलैमध्ये आली, विधानसभेची निवडणूक त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. रक्कम तीच, महिन्याला १,५००. माझ्या वाचनानुसार याचा अर्थ एवढाच: मतदार म्हणून बाई अडीच लाखांपर्यंत गरीब, निराधार म्हणून २१,०००पर्यंतच. पारडीच्या बाईंना ‘लाडकी बहीण’चे पैसे मिळतात, हे विचारल्यावर कळलं. मग मोर्चात कशाला आलात, असंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘ते बहिणीचे हायेत. उद्या सरकार बदललं तं भाऊ बदलन. निराधार तं मी मरेपर्यंत राहीन ना.’

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. मी प्रिंटरमध्ये कागद घातला.

दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर दर हिवाळ्यात एक भांडण हटकून होतं. एकजण म्हणतो, ‘पंचवीस कोटी लोक गरिबीतून बाहेर आले, आता कायचे मोर्चे?’ दुसरा म्हणतो, ‘बाहेर आले तं ऐंशी कोटीले फुकट धान्य कायले देऊन राहिले?’ दोघांनाही वाटतं की आपण समोरच्याचं खोटं पकडलं. खरं तर दोन्ही आकडे सरकारी आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ते मोजतात वेगळं.

पंचवीस कोटींचा आकडा नीती आयोगाचा, २०२४च्या जानेवारीतला. २०१३-१४ ते २०२२-२३ या नऊ वर्षांत २४.८२ कोटी लोक ‘बहुआयामी गरिबी’तून बाहेर आले, असा तो अंदाज. यात उत्पन्न मोजतच नाहीत. बारा गोष्टी बघतात: पोषण, बालमृत्यू, बाळंतपणातली काळजी, घरातल्यांचं शिक्षण, पोरं शाळेत जातात का, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घर, वस्तू आणि बँक खातं. प्रत्येकाला वजन दिलेलं आहे. उणिवांचं वजन एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भरलं तर ते घर गरीब.

याचा मेळ कसा बसतो पाहा. राहणीमानाच्या सात गोष्टी आहेत, इंधनापासून बँक खात्यापर्यंत, आणि प्रत्येकीचं वजन एकविसावा भाग. समजा एका घरात पोरं शाळेत जातात, पोषण ठीक आहे, पण या सातही गोष्टी नाहीत. सात भागिले एकवीस म्हणजे बरोबर एक तृतीयांश. घर गरीब. आता त्या घरातल्या एकाने बँकेत खातं उघडलं. शून्य शिल्लक असली तरी चालतं. उरल्या सहा उणिवा, सहा भागिले एकवीस, एक तृतीयांशाच्या खाली. घर गरिबीच्या बाहेर. चूल लाकडाचीच, संडास नाही, वीज नाही, पण यादीतून नाव गेलं. वस्तूंचंही तसंच. एक मोबाइल आणि एक सायकल असली की वस्तूंची उणीव संपली.

हे टोकाचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. एवढ्यावरून मोजमाप फसवं आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. संडास आला, वीज आली, गॅस आला, या खऱ्या गोष्टी आहेत. माझी आजी पहाटे चारला उठून बाहेर जायची, आमच्या गल्लीतल्या पोरींना आज तसं जावं लागत नाही. ज्याने हे पाहिलंय तो त्याला नुसता आकड्यांचा खेळ म्हणणार नाही. पण संडास असणं आणि महिन्याच्या वीस तारखेला हातात पैसे असणं या दोन गोष्टी आहेत. मोर्चा पहिलीसाठी क्वचित निघतो. तो निघतो दुसरीसाठी, आणि दुसरी या यादीत नाहीच.

ऐंशी कोटींचं काय? तो गरिबांचा आकडाच नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने ठरवलं की खेड्यातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य द्यायचं, माणशी महिन्याला ५ किलो. २०११च्या जनगणनेला हे लावलं की येतात ८१.३५ कोटी. ते धान्य आता फुकट आहे, एवढाच फरक. म्हणून पंचवीस कोटी बाहेर आले तरी हा आकडा कमी होत नाही, आणि आणखी पंचवीस कोटी गरिबीत गेले तरी वाढणार नाही.

वाढणार नाही, हे दुखणं मोठं आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला यातून खेड्यातले ७६.३२ टक्के आणि शहरातले ४५.३४ टक्के लोक आले, मिळून सुमारे सात कोटी. या ठरवून दिलेल्या संख्येला रेशनच्या भाषेत ‘इष्टांक’ म्हणतात. इष्टांक भरला की नवीन नाव घेता येत नाही. २०२१ची जनगणना झाली नाही, त्यामुळे इष्टांक अजून २०११च्याच माणसांवर चाललाय. २०११ नंतर लग्न होऊन आलेली सून, नंतर जन्मलेली पोरं, गाव सोडून पारडीत खोली घेतलेलं कुटुंब, यांनी नाव लावायला गेलं की उत्तर मिळतं, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ कोणाचं नाव कटलं, कोणी मेलं, तरच जागा. रेशन दुकानदाराला शिव्या घालून उपयोग नाही आणि पुरवठा कार्यालयावर मोर्चा नेऊनही फारसा नाही. ही गाठ दिल्लीत, जनगणनेच्या खात्यात बसलीय, आणि पुढची गणना २०२७ची आहे.

म्हणून मी म्हणतो, कोणाच्या नावानं लिहायचं हा प्रश्न साधा नाही.

चुकीच्या पत्त्याची किंमत या शहराने एकदा अशी मोजलीय की तिच्याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो. झिरो माइलजवळ गोवारी स्मारक आहे. बर्डीचा उड्डाणपूलही त्यांच्याच नावाचा. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि नाव कशाचं हे अर्ध्यांना माहीत नसतं. गोवारी म्हणजे गुरं राखणारा समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. गोवाऱ्यांचं म्हणणं, ते आम्हीच. सरकारचं म्हणणं, ती वेगळी जमात. दोन शब्दांतल्या जागेवरचा वाद. २३ नोव्हेंबर १९९४ला हजारो गोवारी मोर्चाने आले. दिवसभर अडवलेल्या जागी बसून राहिले, कोणीतरी मंत्री येऊन बोलेल या आशेने. कोणी आलं नाही. संध्याकाळी गडबड उडाली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली. त्यांत बायका आणि लेकरं जास्त.

आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. राज्याने गोवाऱ्यांना विशेष मागास प्रवर्गात घालून आरक्षण दिलं. पण मूळ मागणी? अनुसूचित जमातींची यादी संविधानाच्या ३४२व्या कलमाखाली येते. राष्ट्रपती ती अधिसूचित करतात आणि नंतर तिच्यात एक अक्षर बदलायचं तरी संसदेने कायदा करावा लागतो. राज्य फक्त शिफारस करू शकतं. म्हणजे त्या दिवशी एखादा मंत्री बाहेर आला असता, निवेदन घेतलं असतं, शेरा मारला असता, तरी यादी बदलली नसती. ११४ माणसं वाचली असती, एवढंच. आणि ते पुष्कळ होतं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला; २०२०च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दर २३ नोव्हेंबरला स्मारकापाशी लोक येतात. एक-दोनदा मीच पत्रकं छापून दिलीत. मजकूर जवळपास तोच असतो, फक्त साल बदलायचं.

आशा आणि अंगणवाडीच्या बायकांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांची निवेदनं माझ्याकडे सगळ्यांत नीट लिहून येतात. शुद्धलेखन माझ्याहून चांगलं असतं. त्यांचा सगळा झगडा एका शब्दाचा आहे: ‘मानधन’. त्यांना पगार देत नाहीत, मानधन देतात. कारण त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. कर्मचारी म्हटलं की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन मागे लागतं. ‘मान’ दिला की ‘वेतन’ वाचतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं, तो या भिंतीला पडलेला पहिला मोठा तडा. योजना केंद्राची, राबवणारं राज्य, पैसे दोघांचे. त्यामुळे राज्य म्हणतं केंद्राकडे जा, केंद्र म्हणतं राज्याला वाढवायची तर वाढवू दे. अशा वेळी मी निवेदनाला दोन नावं घालतो आणि दोनाचे पैसे घेत नाही.

मग मोर्चाने काहीच होत नाही का? टपरीवरचे लोक तसं म्हणतात, आणि मोर्चामुळे बर्डीला जायला तास लागला की मलाही क्षणभर तसंच वाटतं. पण १९७२च्या दुष्काळात ‘काम द्या’ म्हणून महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर आले नसते तर रोजगार हमी हा शब्द कायद्यात आला नसता. राज्याचा कायदा १९७७चा. त्यावरून पुढे २००५ मध्ये देशाचा झाला. मागेल त्याला काम, ही ओळ आधी घोषणा होती. गाठायला तीस वर्षं लागली, आणि मधल्या सगळ्या निवेदनांवर ‘तपासून कार्यवाही करावी’ असंच लिहिलेलं असणार.

शांततेने, हत्याराविना जमण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या कलमात आहे. त्यावर ‘वाजवी’ बंधनं घालता येतात, आणि सगळी ओढाताण त्या ‘वाजवी’वर चालते. २०२० मध्ये शाहीनबागच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. २०२५च्या ऑक्टोबरात कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांनी वर्धा रोड अडवला, ट्रॅक्टर आडवे लावले, शहराच्या दक्षिणेला गाड्यांची रांग लागली; तेव्हा खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन रस्ता मोकळा करायला सांगितलं. अडकलेल्यांत माझा पुरवठादारही होता, कागदाची रिमं घेऊन. त्याने मला फोनवर ज्या शिव्या दिल्या त्या शेतकऱ्यांसाठी होत्या. मी ऐकून घेतल्या. पण दुसरी बाजूही पाहा. टेकडी रोडवर ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या वेळेत बसलेल्या मोर्चाकडे कॅमेरेही फिरकत नाहीत. हायवे अडवला आणि दोन दिवसांत मुंबईत बैठक लागली, कर्जमाफीच्या निर्णयाची तारीख मिळाली. नियमाने बसणाऱ्याला शेरा आणि नियम मोडणाऱ्याला बैठक, हा धडा लोकांना कोणी शिकवला, ते मोर्चेकऱ्यांना विचारून कळणार नाही.

पारडीच्या बाईंचं निवेदन मी शेवटी असं लिहिलं. वर ‘माननीय मुख्यमंत्री’, कारण निराधार योजना राज्याची आहे आणि २१,०००चा आकडा शासन निर्णयाने बदलतो, त्याला दिल्ली लागत नाही. या एका बाबतीत पत्ता बरोबर होता. खाली ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून सामाजिक न्याय विभाग आणि त्यांच्या भागाचे आमदार. मजकुरात मी ५७ रुपयांचा हिशेब घातला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

‘हे मी बोललेच नव्हते,’ त्या म्हणाल्या.

‘काढू का?’

‘राहू द्या. पण तिथं माहे तीन हजारबी लिवा. खरे.’

लिहिले. तीन प्रती काढल्या. एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून घ्या, असं सांगितलं. त्यांनी पदराच्या गाठीतून सुटे काढले, मोजले, आणि फाइल पिशवीत घालून स्टेडियमकडे निघाल्या. दुपारी अडीचच्या सुमाराला घोषणांचा आवाज टेकडी रोडकडे सरकत गेला. दुकानात तोवर पुढचं गिऱ्हाईक उभं होतं, बुलढाण्याहून आलेलं, हाताने लिहिलेली चार पानं घेऊन.